बेळगाव वाढतंय, पण नेमकं कुठे आणि कुणाच्या जोरावर?

प्रश्न असा आहे: "मी मूळचा बेळगावजवळच्या कडोलीचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. बेळगाव झपाट्याने वाढतंय असं जो तो सांगतो. खरंच माणसं वाढलीत की नुसते प्लॉट? येतंय कोण, जातंय कोण, पैसा येतोय कुठून? परत येऊन बस्तान बसवण्यात अर्थ आहे का? आणि वडिलांच्या नावावरची दोन एकर शेती प्लॉट पाडून विकावी असा घरात आग्रह चाललाय, त्याबद्दल काय?"

मी सिव्हिल इंजिनिअर. बँकांसाठी मिळकतींचं मूल्यांकन करतो. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात तीसेक वर्षं हेच काम चाललंय. कर्जाची फाइल आली की जागेवर जायचं, उतारा आणि नकाशा ताडून पाहायचा, आजूबाजूला चौकशी करायची. त्यामुळे कोणत्या गल्लीत कोण राहायला आलं, कोण घर विकून गेलं, हे मला आकडेवारीच्या आधी कळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसं वाढलीत, पण गाजावाजा आहे तेवढी नाहीत. प्लॉट माणसांच्या कितीतरी पुढे निघून गेलेत. आणि शहर पोसलं जातंय ते स्वतःच्या कारखान्यांपेक्षा कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तीन राज्यांतल्या आसपासच्या गावांच्या गरजांवर.

आधी आकडे. २००१ मध्ये महापालिका हद्दीत सुमारे ४ लाख माणसं होती, २०११ मध्ये सुमारे ४ लाख ९० हजार. कॅन्टोन्मेंट आणि लगतची हिंडलग्यासारखी गावं धरली तर हाच आकडा ५ लाख ६ हजारांवरून ६ लाख १० हजारांवर गेला. दहा वर्षांत वीस टक्के, वर्षाला दोन टक्क्यांच्या आत. त्याच दशकात कर्नाटकातली एकूण शहरी लोकसंख्या एकतीस टक्क्यांनी वाढली. राज्यातल्या शहरांच्या सरासरीपेक्षा बेळगाव मागेच होतं, आणि ही गोष्ट ऐकून इथले बिल्डरसुद्धा चकित होतात. जिल्हा तर आणखी सावकाश वाढला: ४२ लाख १४ हजारांवरून ४७ लाख ८० हजार, साडेतेरा टक्के. जिल्ह्यातला फक्त चौथा हिस्सा शहरी होता. लोकसंख्येने राज्यात बेंगळुरूच्या पाठोपाठ दुसरा आणि क्षेत्रफळाने सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा अजून मुख्यतः खेड्यांचाच आहे.

२०११ नंतर जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ची. मधल्या काळात कुणी "शहर दहा लाखांच्या घरात गेलं" म्हणालं तर तो अंदाज समजा, आणि बहुतेक वेळा तो प्लॉट विकणाऱ्याचा अंदाज असतो. नुसत्या जन्मदराच्या जोरावर तर शहर फार काळ वाढू शकत नाही. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकाचा एकूण जननदर १.७ निघाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाच दोनच्या थोडा वर लागतो. म्हणजे पुढची वाढ मुख्यतः येणाऱ्यांवर ठरते, तीही जाणारे वजा करून उरलेली.

आता २००१ आणि २०११चे आकडे शेजारी ठेवून एक गोष्ट पाहा. त्या दशकात हद्दीच्या आत नव्वद हजार माणसं वाढली आणि बाहेरच्या गावांत जेमतेम चौदा हजार. तेव्हा शहर आतल्या आत भरत होतं: अनगोळ, वडगाव, भाग्यनगर, महांतेशनगर, रामतीर्थनगर. माझ्या फाइलींवरून सांगतो, हे चित्र त्यानंतर उलटलं. आज माझ्या टेबलावर येणाऱ्या नव्या घरांच्या फाइली बहुतेक ग्रामपंचायत किंवा नव्याने नगरपंचायत झालेल्या भागांतल्या असतात: गणेशपूर, हिंडलगा, बेनकनहळ्ळी, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी, येळ्ळूर रस्ता, सांबऱ्याच्या बाजूला मुतगे. ही माणसं राहतात शहरात, कामाला जातात शहरात, पण घरपट्टी भरतात दुसरीकडे. त्यांचं सांडपाणी, कचरा, पाणी यांचा हिशेब महापालिकेच्या कागदावर येत नाही आणि पंचायतीला तो झेपत नाही.

एक नेहमी दिसणारं घर सांगतो. तीस बाय चाळीसचा प्लॉट, हिंडलगा भागातला. कर्ज मागणारा माणूस सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, गाव बेळगाव तालुक्यातच पश्चिमेला. तळमजल्यावर स्वतःचं कुटुंब. वरच्या मजल्याचे दोन भाग. एकात नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुली, दुसऱ्यात खासगी बँकेत नोकरी करणारं सौंदत्ती तालुक्यातलं जोडपं. जिन्याखाली वीजमीटर तीन आणि चौथ्याची जागा मोकळी, कारण गच्चीवर एक खोली काढायचा विचार आहे. चारी बाजूंना सोडायची जागा सोडलेलीच नाही, भिंत थेट हद्दीवर. सांडपाण्याला शोषखड्डा, आणि त्यापासून दहा पावलांवर बोअर. समोरचा रस्ता कागदावर तीस फुटांचा, टेपने मोजला की वीस-बावीस भरतो. या एका घरात बेळगावची सध्याची अर्थव्यवस्था जवळजवळ सगळी दिसते: पेन्शनचा पैसा, शिक्षण आणि दवाखान्यांसाठी आलेली माणसं, पूर्वेच्या तालुक्यांतून आलेला पगारदार, भाड्यावर आधारलेलं कर्ज. शोषखड्डा आणि बोअर शेजारी शेजारी असण्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. हजारो घरांत तसंच आहे आणि त्या पाण्यावर लहान मुलं वाढताहेत.

कोण येतंय, याचं उत्तर या घरातच अर्धं आलं. सर्वांत मोठा ओघ जिल्ह्याच्याच पूर्वेकडून आहे: गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग. शिक्षक, पोलीस, सरकारी कारकून, दोन एकर विकून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेले शेतकरी. पश्चिमेकडून खानापूर आणि महाराष्ट्रातला चंदगड. चंदगडला तालुक्याची कचेरी आहे, जिल्हा कोल्हापूर आहे, पण बाजार, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता बेळगावात. खडे बाजार आणि गणपत गल्लीत लग्नसराईत उभं राहून ऐका, निम्मी गिऱ्हाइकं चंदगड-आजऱ्याकडची निघतील. आंबोली घाटातून सावंतवाडीचे आणि चोर्ल्यातून गोव्याचे रुग्ण येतात. केएलईचं इस्पितळ, बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आणि त्यांच्या भोवती उभे राहिलेले शेकडो दवाखाने, लॅब, औषधांची दुकानं, रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच्या खाणावळी हा आज शहरातला सर्वांत भरवशाचा धंदा आहे. मंदी आली तरी तो थांबत नाही.

शिक्षणाचंही तसंच. केएलई सोसायटी १९१६ची, कर्नाटक लॉ सोसायटी १९३९ची, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३चं, गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ची. त्यावर १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आणि २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ. म्हणजे हे शहर शंभर वर्षं मुलांना शिकवतंय. शिकलेली मुलं इथे राहत नाहीत, ही त्याची दुसरी बाजू. त्याकडे पुढे येतो.

तिसरा ओघ कामगारांचा, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचा. तो उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींत आणि बांधकामांवर दिसतो. आणि एक बदल अलीकडचा, तो मला महत्त्वाचा वाटतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली. त्यानंतर रोज सकाळी गावांकडून येणाऱ्या बसमध्ये बायकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. दुकानांत, दवाखान्यांत, शिलाईच्या युनिटमध्ये, घरकामाला त्या येतात आणि संध्याकाळी परत जातात. पूर्वी बसभाड्यातच मजुरीचा मोठा हिस्सा जायचा. ही माणसं शहराच्या लोकसंख्येत कधीच मोजली जाणार नाहीत, पण दिवसा बेळगाव त्यांच्या हातांवर चालतं.

आता जाणारे. टिळकवाडी-हिंदवाडीत माझं काम असतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. कौलारू बंगला, अंगणात आंबा, आत सत्तरीपुढचं जोडपं. एक मुलगा पुण्यात, एक बेंगळुरूत, मुलगी परदेशात. वडील गेले की बंगला विकायला निघतो, तीन वारसांच्या सह्या मुखत्यारपत्रावर येतात आणि वर्षभरात तिथे चार मजली अपार्टमेंट उभं राहतं. खेड्यांतली मराठी मुलं पुणे, कोल्हापूर, गोवा धरतात. कुणी सैन्यात जातात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि तालुक्यात सैनिकाचं घर नाही असं गाव सापडणं कठीण.

भाषेचं बोलणं इथे टाळता येत नाही. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असलेले दोन-तृतीयांशांच्या थोडे वर आणि मराठी पाचव्या हिश्श्यापेक्षा थोडे कमी. शहरात आणि बेळगाव-खानापूर तालुक्यांत मराठीचं प्रमाण यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, पण ते घटतंय हे सगळ्यांना जाणवतं. १९५६ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा, कचेऱ्यांतली कागदपत्रं आणि फलकांवरची सक्ती, हे सगळं खरं आहे आणि त्याची झळ मीही सोसतो. पण लोकसंख्येच्या अंगाने पाहिलं तर आणखी एक कारण आहे, आणि आपल्या सभांमध्ये त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. येणारा मोठा ओघ कन्नड बोलणाऱ्या तालुक्यांतून आहे आणि जाणारा मोठा ओघ मराठी घरांतून. राज्याची नोकरी कन्नडशिवाय अवघड, म्हणून आपला मुलगा इथली भरती सोडून पुण्याची वाट धरतो. सीमाभागातल्या गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांना मी आवर्जून जातो, तुमच्या कडोलीच्याही. मांडवात पांढरे केस जास्त दिसतात. गावाच्या वेशीवर रोज सकाळी इंग्रजी शाळेच्या व्हॅन उभ्या असतात आणि मराठी शाळेतला पट घसरत चाललाय. मुलांना इथेच राहता येईल असं काम उभं राहिलं नाही, तर कोणताही निकाल लागला तरी मराठी घरं रिकामी होतच राहतील, असं मला वाटतं.

मग काम कुठे आहे? बेळगावची खरी ताकद फाउंड्री आणि मशीनिंगची आहे आणि तिचं कौतुक पुरेसं झालेलं नाही. ओतकाम, क्रँकशाफ्ट, हायड्रोलिक पंप आणि व्हॉल्व्ह यांत या शहराने देशभर नाव मिळवलं, तेही मोठ्या सरकारी प्रकल्पाशिवाय. होनग्याच्या वाटेवरचा अॅल्युमिनाचा कारखाना, आज हिंदाल्कोचा, हा मोठ्या उद्योगांतला अपवाद. हत्तरगीजवळ विमानाच्या सुट्या भागांचं विशेष आर्थिक क्षेत्र उभं राहिलं तेही इथे मशीनवर हात बसलेली माणसं मिळतात म्हणून.

उद्यमबागेतल्या एखाद्या मध्यम फाउंड्रीत गेलात की मजुरांची मांडणी सरळ दिसते. भट्टी, मोल्डिंग आणि फेटलिंगवर (ओतलेले भाग घासून साफ करण्यावर), म्हणजे जिथे धग, वाळूची धूळ आणि ग्राइंडरचा आवाज, तिथे उत्तरेकडची पोरं, कंत्राटदारामार्फत, बारा तासांच्या पाळीला. शेजारच्या शेडमध्ये सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर बेळगाव-खानापूर तालुक्यांतली आयटीआय झालेली मुलं. साच्यांचे नमुने घडवणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये पन्नाशीतले जुने कारागीर, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी नाही. मालक एकच गाऱ्हाणं सांगतो: प्रोग्रॅमिंग आणि सेटिंग करणारा मुलगा दोन वर्षांत तयार होतो आणि तिसऱ्या वर्षी चाकणला जातो. मुलाला विचारलं तर तोही खरंच सांगतो की तिथे पगार दीडपट. मालकाला पगार वाढवायला जमत नाही, कारण त्याला शेजारी शेड वाढवायची आहे आणि जागेचा भाव आवाक्याबाहेर गेलाय. म्हणून काही जण सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या एमआयडीसीत गेले. मजूर तेच, वाहतूक तीच, फक्त राज्य बदललं.

कारखान्याला जागा न मिळण्याची गोष्ट बेळगावला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि नांगर बनवायला लागले. नगरपालिकेला उपनगर वसवायचं होतं म्हणून त्यांना जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात उरला तो किर्लोस्कर रोड. घरांच्या प्लॉटसाठी कारखाना घालवण्याची ती चूक आपण आज दुसऱ्या वाटेने करतोय, भाव वाढवून.

बाकीचा पैसा कुठून येतो ते भराभर सांगतो. उत्तर आणि पूर्वेच्या तालुक्यांतला ऊस आणि साखर कारखाने. हंगामात बिलं निघाली की बेळगावच्या ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि सोन्याच्या दुकानांत गर्दी होते, बिलं थकली की बाजार ओस. निपाणीची तंबाखू, जी आता पूर्वीइतकी माणसं पोसत नाही. वडगाव-खासबाग-शहापूरचे यंत्रमाग, सुरतच्या साड्यांपुढे ते तग धरून आहेत इतकंच, आणि विणकरांच्या घरांतली पुढची पिढी मागावर बसत नाही. गोव्याला रोज जाणारी भाजी आणि दूध. पश्चिम भागातली रताळी, जी एपीएमसीतून थेट दिल्ली-इंदूरला जातात. पतसंस्था आणि पिग्मी, म्हणजे दारात येऊन गोळा होणारी रोजची बचत, ज्यांच्यावर गल्लीतला प्रत्येक दुकानदार चालतो. मात्र त्यांच्या कर्जांत प्लॉटवर दिलेलं कर्ज किती, हे ठेवीदारांनी दरवर्षी विचारायला हवं.

सैनिकी पेन्शनबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण पुढच्या दहा वर्षांत हा बदल जाणवणार. पश्चिमेच्या गावांतली पक्की घरं, हिंडलगा-गणेशपूरचे प्लॉट, मुलांची इंजिनिअरिंगची फी, यामागे पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतरची पेन्शन होती. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चौघांतले तिघे घरी येणार, हातात सुमारे पावणेबारा लाख, पेन्शन नाही. बँकेला तीस वर्षं दर महिन्याला येणारी ती रक्कम तारण म्हणून दिसायची. ती दिसेनाशी झाली की या गावांतली घरबांधणी मंदावेल. आणि पंचविशीतला, शिस्त शिकलेला मुलगा काम मागत बेळगावात उभा राहील. त्याला इथलाच एखादा कारखाना घेऊ शकला तर ते शहराचं भाग्य ठरेल.

सरकारी प्रकल्पांवर फार भिस्त ठेवू नका. ११ ऑक्टोबर २०१२ला हलगा-बस्तवाडच्या माळावर सुवर्ण विधानसौधचं उद्घाटन झालं. अधिवेशनाच्या दिवसांत हॉटेलं भरतात, एरवी त्या इमारतीने शहराला रोजगार दिलेला नाही. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत बेळगाव आलं; रस्ते-चौक सुधारले, पण ते सगळं हद्दीच्या आत, आणि वाढ बाहेर. सांबरा विमानतळावर २०१९ला उडान योजनेने विमानांची रेलचेल झाली, अनुदानाची मुदत संपली तशा कितीतरी फेऱ्या बंद पडल्या. रेल्वेचं दुपदरीकरण आणि बेंगळुरूची वंदे भारत यांचा उपयोग मात्र रोजचा आहे.

शिवाराबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार ही काळी, पाणी धरणारी भातजमीन. बेळगाव बासमतीचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात याच शिवारात पसरायचं आणि ओसरायचं. आता नाल्याच्या दोन्ही काठांना भराव पडले, प्लॉट पडले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी वस्त्यांत शिरलं. हलगा-मच्छे बायपाससाठी याच शिवारातली जमीन घेतली गेली. शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढले. त्यांना विकासाचे शत्रू म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. मी त्या जमिनीचं मूल्य लावतो तेव्हा बाजारभाव लिहितो, पण पुराचं पाणी सामावून घेणाऱ्या शिवाराची किंमत कोणत्याच रकान्यात बसत नाही. शहराला रस्ता हवा होता, पण तो याच जमिनीतून जायला नको होता, असं माझं आजही मत आहे.

आता तुमच्याबद्दल. परत यायचं असेल तर सॉफ्टवेअरची नोकरी शोधायला येऊ नका. आयटीच्या कंपन्या इथे थोड्या आहेत आणि पगार पुण्याच्या मानाने तोकडे. घरून काम चालत असेल तर प्रश्नच नाही, खर्च पुष्कळ कमी होतो. पण तुमच्या कौशल्याची खरी गरज वेगळ्या जागी आहे. इथल्या शेकडो मशीन शॉपमध्ये उत्पादनाचा हिशेब अजून वहीत आणि व्हॉट्सअॅपवर चालतो. दवाखान्यांत तीच गत, भाजी आणि रताळ्याच्या अडतींत तीच. मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही बोलू शकणारा, मालकाच्या शेडमध्ये उभा राहून त्याचं दुखणं समजून घेणारा माणूस मिळाला तर लोक पैसे द्यायला तयार आहेत. कन्नड येत नसेल तर शिकून घ्या. इथे धंदा करायचा तर ती हवीच, आणि त्याने आपली मराठी कमी होत नाही. पहिली दोन वर्षं पुण्याची नोकरी पूर्ण न सोडता चाचपून पाहा. आणि आल्या आल्या प्लॉट घेऊ नका, भाड्याने राहा. सध्या भाडं आणि जमिनीचा भाव यांत इतकं अंतर आहे की भाड्याने राहणंच परवडतं.

राहिली दोन एकर. २०२०च्या दुरुस्तीने कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. त्यामुळे हुबळी, बेंगळुरू, गोव्याकडचा पैसा थेट आपल्या बांधावर आलाय आणि गावोगावी एजंट फिरताहेत. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे, सुमारे ८७ हजार चौरस फूट. रीतसर एनए (बिगरशेती) करून, मंजूर ले-आउट पाडला तर रस्ते, बाग, नागरी सुविधा सोडून निम्म्याहून थोडी जास्त जागा विकायला उरते, तीस बाय चाळीसचे चाळीसच्या आसपास प्लॉट. रस्ते, गटार, विजेचे खांब यांचा खर्च आधी तुमचा. एजंट तुम्हाला साठ-सत्तर प्लॉटचा हिशेब दाखवेल. तो एनए न करता, बाँडवर लिहून देऊन विकण्याचा हिशेब आहे. त्यात घेणाऱ्याला पंचायतीचा नमुना ९ आणि ११-अ, म्हणजे नियमित मिळकतीचे उतारे, मिळत नाहीत, फार तर अनियमित मिळकतीचा ११-ब मिळतो, आणि त्यावर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. असा प्लॉट घेऊन अडकलेली, आयुष्याची पुंजी घालून बसलेली माणसं माझ्याकडे रोज येतात. त्यांच्यावर ती वेळ आणणाऱ्यांत आपलं नाव नसावं.

शेती म्हणूनच एकगठ्ठा विकली तर कराचा मुद्दा वेगळा पडतो. महापालिकेची लोकसंख्या एक ते दहा लाखांमध्ये असल्याने, तिच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. कडोलीचं अंतर या रेषेच्या आसपास येतं, म्हणून तुमच्या सर्व्हे नंबरचं अंतर सर्व्हेअरकडून मोजून दाखला घ्या. प्लॉट पाडून विकलेत की मात्र तो धंद्याचा नफा धरला जाऊ शकतो. नियोजित रिंग रोडच्या आखणीत तालुक्यातली तीसेक गावं आहेत; तुमचा सर्व्हे नंबर त्यात किंवा लगत आहे का, हे अधिसूचना काढून तपासा. आखणीत असेल तर घाईने विकणाऱ्याला कमी भाव मिळतो. भावकीत वाटणी झाली असली तरी उताऱ्यावर फोड, म्हणजे तुमच्या हिश्शाची वेगळी नोंद, झालेली आहे का ते पाहा. नसेल तर सर्व्हे खात्याचा, हिस्सा दाखवणारा अकरा-ई नकाशा आणि फोड आधी करून घ्या. त्याला महिने लागतात आणि तेवढ्यात घरातला आग्रहही थोडा निवळतो.

माझा सल्ला विचाराल तर कर्ज डोक्यावर नसेल आणि वडील शेती करताहेत तोवर विकू नका. कडोलीची भाजी गोव्यात जाते आणि तिथली मागणी घटण्याची चिन्हं नाहीत. पाण्याची सोय पक्की करा, ठिबक करा, आणि फार गरज पडली तर रस्त्याकडचे दहा-वीस गुंठे फोड करून शेती म्हणूनच विका. सगळे उतारे, फेरफार आणि तीस वर्षांची ईसी (जमिनीवरच्या बोजा-व्यवहारांचा दाखला) काढून एका फाइलमध्ये लावा. वडील आहेत तोवर हे काम सोपं आहे. कुठल्या साली कोणत्या चुलत्याची सही झाली, हे त्यांनाच आठवतं.